माळाचे नकाशे आणि मार्चचा व्हिसा

फेब्रुवारी लागला की शारजातल्या आमच्या अल मजाजमध्ये सकाळचं धुकं उतरतं. एरवी आमच्या बाल्कनीतून दोन इमारतींच्या फटीत लगूनच्या पाण्याची एक पट्टी दिसते, तीही दिसेनाशी होते. फोन धुक्याचा इशारा देत किंचाळतो, शाळांच्या बस दिवे लावून सरपटत येतात, आणि शारजाहून दुबईकडे जाणारा रोजचा खोळंबा आणखी लांबतो. पूर्वी मला हे धुकं फार आवडायचं. या देशात कधी नव्हे ते शाल गुंडाळून चहा पिता येतो, याचंच अप्रूप असायचं. आता धुकं दिसलं की मी आधी तारीख बघते.

परवा लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरची मल्याळी मुलगी भेटली. इस्त्रीचा युनिफॉर्म, हातात पारदर्शक पाऊच, त्यात पेनं आणि घडी घातलेलं हॉल तिकीट. शेजारी तिची आई, मुलीची पाण्याची बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी. मी ऑल द बेस्ट म्हटलं. मुलगी हसली, आई हसली नाही. ती लिफ्टचे उतरते आकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मी तिच्याकडे बघता बघता इतकी हरवले की तळमजल्यावर पोचूनही मी बाहेर पडायची विसरले आणि दार बंद होऊन पुन्हा वर निघाले. माझ्या मुलीची बारावी होऊन आता काही वर्षं झाली, हे माझ्या जिवाला अजून कोणी कळवलेलं नाही.

मी जात्याच घाबरट आहे. माझी आई म्हणायची, हिला काळजी करायला काही मिळालं नाही तर ही त्याचीच काळजी करेल. गॅस बंद केला का, हे बघायला मी पार्किंगमधून परत येते. विमानात बसले की पायलटच्या जेवणाची चौकशी करावीशी वाटते. पण त्या एका हिवाळ्यात काळजी माझ्यामागे लागली नव्हती. ती घरातच राहायला आली होती, आमच्याबरोबर जेवत होती.

त्याआधीच्या उन्हाळ्यात माझा नवरा मिलिंद याची नोकरी गेली. तो एका कंत्राटदार कंपनीत बांधकामाच्या खर्चाचे अंदाज काढायचा. कंपनीचं काम आटलं आणि अर्ध्या ऑफिसला एकाच दुपारी निरोप मिळाला. इथे नोकरी जाते तेव्हा एकटी जात नाही, तिच्या शेपटाला व्हिसा बांधलेला असतो आणि त्या व्हिसाला सगळं घर. आम्ही मग मिलिंदला आणि आमच्या मुलीला, मुक्ताला, माझ्या व्हिसावर घेतलं. मिलिंद पहिल्या दिवशी खूप विनोद करत होता. भांडी घासताना मला ‘मालकीणबाई’ म्हणायचा. दुसऱ्या आठवड्यात विनोद कमी झाले, भांडी मात्र तो मनापासून घासत राहिला.

माझा स्वतःचा व्हिसा मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपत होता. मुक्ता बारावीला होती आणि तिचे पेपर फेब्रुवारीत सुरू होऊन एप्रिलपर्यंत जाणार होते. माझ्या कंपनीकडे काम असलं तर व्हिसा वाढणार, नसलं तर पेपरांच्या ऐन मध्यावर आम्हा तिघांची मुदत संपणार. पुढे काय होतं, हे प्रत्येक जण वेगळं सांगत होता. कोणी म्हणे, अहो, सवलतीचे दिवस मिळतात, निवांत राहा. कोणी म्हणे, नियम बदललेत. मिलिंदच्या एका मित्राने त्याच्या ओळखीच्या कुणाचं तरी काय झालं ते इतकं रंगवून सांगितलं, की मी त्याला दुसरा चहा विचारला नाही. नियम काहीही असोत, मुलगी अकाउंट्सचा पेपर देऊन येतेय आणि घरात खोकी बांधून ठेवलीत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

आणि कंपनीकडे काम होतं ते एवढंच: अमेरिकेतल्या एका उंच माळाचे जुने नकाशे.

आमचं ऑफिस दुबईतल्या अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात टायरच्या एका दुकानावर आहे. कागदी नकाशे स्कॅन होऊन आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांच्यावरची प्रत्येक रेषा माउसने गिरवून कॉम्प्युटरला शिकवतो: ही नदी, हा रस्ता, हे कुंपण. बसून बसून कंबर धरते आणि डोळे कोरडे पडतात, पण हे काम मला आवडतं. त्या वर्षी आलेल्या शीट्स एका प्रदेशाच्या होत्या जिथून कोणे एके काळी गुरांचे प्रचंड कळप हाकत रेल्वेपर्यंत नेत असत. तिथल्या काही हौशी इतिहासप्रेमींना त्या गुरांच्या वाटा नेमक्या कुठून गेल्या हे हवं होतं. वाटा केव्हाच नांगराखाली गेलेल्या. उरल्या होत्या त्या या नकाशांत, तुटक काळ्या रेघांच्या रूपात.

डोंगराळ भागाचा नकाशा कसा भरगच्च असतो, उंचीच्या तपकिरी रेषा एकमेकींना खेटून बसलेल्या. या शीट्स बघितल्या तेव्हा वाटलं, छापायचं राहून गेलंय की काय. एक तपकिरी रेषा डावीकडून निघते आणि सावकाश उजवीकडे पोचते, तोवर दुसरी भेटतच नाही. मधे एखादा ओढा, निळ्या तुटक टिंबांचा, म्हणजे पावसाळ्यापुरता. एखादा छोटा काळा चौकोन, म्हणजे घर. त्याच्याजवळ पवनचक्कीची खूण आणि एक विहीर. मग परत कोसभर काही नाही. एका घराशेजारी बारीक अक्षरांत ‘सोडून दिलेलं’ अशा अर्थाचा शब्द छापलेला होता. त्या शीटवर काम करताना मी तो चौकोन गिरवायला विसरले नाही ना, हे चार वेळा तपासलं.

खरं सांगायचं तर तो माळ मला परका वाटला नाही. मी माणदेशातली. माझे वडील आटपाडीकडच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे आणि आम्ही गावाबाहेर, माळाला लागूनच राहायचो. पौषात जनावरांची जत्रा भरायची तेव्हा खिल्लार बैलांचे जथे आमच्या घरावरून जायचे. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, मागे धोतराचा सोगा खोचलेली माणसं. माझ्या बारावीच्या वर्षी सराव परीक्षेला निघताना असाच एक जथा आडवा आला. मी सायकल धरून रडकुंडीला आले. वडील फाटकात उभे राहून शांतपणे म्हणाले, जाऊ दे त्यांना, बैल काही तुझा पेपर घेऊन चाललेले नाहीत. त्या वेळी त्यांचा इतका राग आला होता. आता वाटतं, तो स्वभाव माझ्या वाट्याला थोडा तरी यायला हवा होता.

त्या जथ्यांना ठरलेली अशी वाट नसायची. बैल माळभर पसरून चालायचे, जिकडे चारा दिसेल तिकडे वळायचे, पाणवठा आला की पुन्हा गोळा व्हायचे. सगळा माळच वाट असायचा. नकाशावर मात्र त्याची एकच तुटक रेघ होते, केसाएवढी. मी ती गिरवत असे आणि मला धूळ दिसत असे. मग एकदम आठवायचं, की या शीट्स जानेवारीअखेर संपणार आहेत.

हीच त्या हिवाळ्याची गंमत होती, गंमत म्हणायचं तर. मी कामात जितकी हुशारी दाखवेन तितकं ते लवकर संपणार. एरवी मी ऑफिसात सगळ्यांत भरभर गिरवणारी. आमचे टीम लीडर बिनॉय सर नव्या मुलांना माझ्या शेजारी बसवायचे. त्या डिसेंबरात शीट पुरी होत आली की माझा हात जड व्हायचा. मुद्दाम रेंगाळणं जमत नव्हतं आणि भरभर करणं सोसत नव्हतं. मी अधेमधे उठून पाणी पीत असे. शेवटी बिनॉय सरांनी काळजीने विचारलं, शुगर वगैरे चेक केली का.

घरी मुक्ता अभ्यास करत असायची आणि मी तिच्या दारात उभी असायची. नुसती उभी. ती मान वर न करता म्हणायची, “आई, यू आर हॉवरिंग अगेन.” मग मी स्वयंपाकघरात जाऊन मिलिंदवर लक्ष ठेवायची. तो पोह्यांना फोडणी देत असायचा आणि बाजूला फोनवर त्याचा कुठल्या तरी कंपनीला पाठवलेला अर्ज उघडा असायचा. सुट्टीच्या दिवशी तो बर दुबईला जुन्या ओळखीच्यांना भेटायला जायचा. मीना बाजारच्या गल्लीत करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा पीत चार माणसं त्याला म्हणायची, जानेवारीनंतर बघू. अब्रा नावाच्या लाकडी होडीत बसून खाडी ओलांडताना बरं वाटतं, असं एकदा तो म्हणाला.

मी मात्र गुपचूप सगळ्यांचे दाखले एका पिशवीत गोळा करायला लागले होते. जन्मदाखले, लसीकरणाची कार्डं, मुक्ताच्या दहावीचं सर्टिफिकेट. एका संध्याकाळी तिने मला कपाटासमोर पकडलं. तिने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “आर वी गोइंग समव्हेअर?” मी म्हटलं, नाही गं, आवरतेय. ती म्हणाली, “ओके,” आणि परत पुस्तकाकडे गेली. त्या ओकेमध्ये तिला काय काय कळलं होतं हे मला आजही ठाऊक नाही.

ख्रिसमसच्या सुट्ट्यांत ऑफिस निम्मं रिकामं होतं. मी शेजारशेजारच्या दोन शीट्स जोडून बघत होते. गुरांची वाट डावीकडच्या शीटवरून येऊन उजव्या कडेला भिडत होती आणि पुढच्या शीटवर तशीच सरळ जात होती. सुबक दिसत होतं. इतकं सुबक, की मनात पाल चुकचुकली. मी मूळ स्कॅन उघडले. डावीकडच्या शीटवर वाट कडेपर्यंत होती. उजवीकडच्या शीटवर वाट नव्हतीच. होता तो एका शेतवाडीचा साधा कच्चा रस्ता, जरासा वरच्या अंगाला. मग मी दोन्ही शीट्सच्या तळाशी छापलेली मोजणीची वर्षं वाचली. दोन्हींमध्ये जवळजवळ एका पिढीचं अंतर होतं. पहिली मोजणी झाली तेव्हा गुरांची वाट अजून दिसत होती. दुसरी झाली तोवर ती पुसून गेली होती, जमीन वाटली गेली होती, कुंपणं पडली होती. आम्ही मेलेली वाट एका जिवंत रस्त्याला जोडून दिली होती.

हे का झालं, ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही लगेच कळेल. रेषेचं टोक मोकळं सुटलं तर आमच्याकडे ती चूक मानतात. सॉफ्टवेअर तिथे लाल टिंब दाखवतं. पहिल्याच दिवशी शिकवलं जातं की एकही लाल टिंब ठेवायचं नाही. जवळ दुसरं टोक दिसलं की ते त्याला जोडायचं, बटण दाबलं की कॉम्प्युटर स्वतःच जोडतो. पाण्याच्या पाइपांना, रस्त्यांना हे बरोबरच आहे. आमची टीम आयुष्यभर पाइप आणि रस्तेच करत आलेली, त्यामुळे लाल टिंब सोडून पुढे जाणं कोणाच्या हाताला ठाऊकच नव्हतं. सगळ्या शीट्सच्या सगळ्या कडा आम्ही अशा शिवून टाकल्या होत्या, आणि क्वालिटी चेकमध्ये आम्हाला शाबासकीही मिळाली होती.

मी खुर्चीत मागे रेलले. पहिला विचार आला तो वाटेचा नव्हता, व्हिसाचा होता. हे सांगितलं तर सगळ्या कडा पुन्हा तपासाव्या लागतील. म्हणजे काम लांबेल, कदाचित मार्चच्या पलीकडे जाईल. आणि लगेच दुसरा विचार: हे सांगितलं तर ते लोक म्हणतील, असलं काम करता, आमचे नकाशे परत द्या. मग जानेवारीचीही वाट बघायला नको. न सांगावं तर काम ठरल्या दिवशी, शाबासकीसकट संपणार. तिन्ही बाजूंनी विचार करून मी इतकी दमले की टेबलावर डोकं ठेवलं.

घरी येऊन मिलिंदला सांगितलं. तो लसूण सोलत होता. मी म्हटलं, मला कळतच नाहीये की मी खरं बोलायचं म्हणून बोलणार आहे की मुदत मिळावी म्हणून.

तो म्हणाला, “कारण कुठलंही असू दे. ती वाट तिथे नाहीये, एवढं तर खरं आहे ना? मग सांगून टाक.”

नोकरी गेलेल्या माणसाने हे म्हणणं सोपं नव्हतं. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल फार माया वाटली आणि त्याच वेळी त्याचा रागही आला, कारण आता न सांगायला मला काही सबबच उरली नव्हती.

बिनॉय सर नाताळ करून त्रिशूरहून परतले त्याच दिवशी मी त्यांना दोन्ही शीट्स दाखवल्या. त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला. त्यांच्याही दोन मुली इथल्या शाळेत. “मैडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “ये बात एक हफ्ता पहले बोलते तो मैं छुट्टी ही बढ़ा लेता.” मग त्यांनी स्वतःच ईमेल लिहिली, पाठवायच्या आधी मला वाचून दाखवली, आणि पाठवल्यावर आम्ही दोघंही पँट्रीत जाऊन चहा प्यायलो.

उत्तर आलं नाही. एक दिवस, दोन दिवस, मग शनिवार-रविवार. तो आठवडा मला नीट आठवतो आणि आठवू नये असंही वाटतं. मुक्ताच्या शाळेत प्री-बोर्ड चालू होत्या. सकाळी तिला सोडायला जाताना मिलिंद गाडीत रेडिओ लावायचा आणि मी तो बंद करायची. मी ऑफिसात बिनॉय सरांच्या केबिनच्या काचेकडे बघत बसायची. ते फोनवर हसले तरी मला वाटे आशा आहे, आणि भुवया चढवल्या की मी मनातल्या मनात सोफा कुणाला द्यायचा ते ठरवायला घ्यायची. वॉशिंग मशीन खालच्या मजल्यावरच्यांना. फ्रिज जुना आहे, तो कोण घेणार.

मग अमेरिकेतल्या त्या इतिहासप्रेमींकडून एका व्हिडिओ कॉलची वेळ आली. पडद्यावर एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, मागे लाकडी भिंत, बाहेर बर्फ. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी विचारलं, हे कुणाच्या लक्षात आलं. बिनॉय सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, त्यांच्या आजोबांच्या जमिनीवरून ती वाट गेल्याचं सगळे सांगतात, पण आजवर कोणाला पुढचा तुकडा सापडला नाही. आमचा नकाशा बघून त्यांनी घरच्यांना तो सापडल्याचं कळवूनही टाकलं होतं. मग त्या म्हणाल्या, आता ती टोकं मोकळी करा, सगळीच्या सगळी, आणि प्रत्येक ठिकाणी कुठल्या सालच्या मोजणीत वाट थांबते ते लिहा. लागेल तो वेळ घ्या, त्याचं बघू.

त्यांचा चेहरा पडलेला होता. मला मात्र आतून नाचावंसं वाटत होतं. एका बाईंच्या आजोबांची वाट माझ्यामुळे अर्ध्यात तुटली आणि मला आनंद झाला, हे मला त्याच दिवशी कळलं आणि नीट बरं वाटलं नाही. तरी संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मुक्तासाठी कुनाफा ही अरबी मिठाई घेतली. ती म्हणाली, “वॉट आर वी सेलिब्रेटिंग?” मी म्हटलं, काही नाही, गुरुवार आहे.

काम मिळालं म्हणजे व्हिसा मिळाला असं नव्हे. आमच्या कंपनीची सरकारी कामं उस्मान नावाचे सुदानी गृहस्थ बघायचे. फार भला माणूस. मी त्यांना रोज विचारायची, माझ्या रिन्यूअलचं काय झालं. ते रोज म्हणायचे, इन्शाल्ला, मॅडम. त्या एका शब्दाचे किती प्रकार असतात ते मी त्या महिन्यात शिकले. सकाळी फाइल हातात असताना म्हटलेलं इन्शाल्ला वेगळं, जेवायला निघताना म्हटलेलं वेगळं. एकदा ते म्हणताना त्यांनी उसासा सोडला, तर माझी ती दुपार वाया गेली. नंतर कळलं, त्यांची दाढ दुखत होती.

फेब्रुवारीत पेपर सुरू झाले आणि धुकंही. मार्च लागला. मी ऑफिसात टोकं मोकळी करत होते, जे आयुष्यभर कधी केलं नव्हतं. वाट कडेपर्यंत आणायची, थांबवायची, साल लिहायचं, आणि लाल टिंब तसंच ठेवून पुढच्या शीटवर जायचं. पहिले काही दिवस हात वळवळायचा. घरी आल्यावर मात्र मला कुठलंच टोक मोकळं सोसत नव्हतं. मुक्ताने उत्तर दिलं नाही की मी तोच प्रश्न पुन्हा विचारायची. पेपर कसा होता, सगळं लिहिलंस ना, रफ वर्क खोडलंस ना. एप्रिलच्या पुढे माझी नजर जातच नव्हती. शेवटचा पेपर होईपर्यंत ह्या घरात, ह्या टेबलाशी, ह्या दिव्याखाली तिला बसू दे, यापलीकडे मी देवाकडे काही मागितलं नाही.

इकॉनॉमिक्सच्या पेपराच्या दिवशी मी अर्धी रजा काढली. मिलिंद आणि मी शाळेबाहेर गाडीत बसलो होतो. व्हिसाची तारीख तोंडावर आली होती. दुपार होत आली तरी धुकं हटलं नव्हतं, शाळेचं फाटक दिसत नव्हतं, फक्त पहारेकऱ्याचं पिवळं जाकीट हलताना दिसे. फोन वाजला. उस्मानभाईंनी एक फाइल पाठवली होती. खाली काही लिहिलेलं नव्हतं. ती न उघडताच मी फोन मिलिंदच्या हातात दिला. त्याने उघडलं, मोठं करून बघितलं, आणि म्हणाला, “झालं गं. दोन वर्षं.” मग तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला आणि मी रडले. व्हिसासाठी असं कोणी रडतं का, पण मी रडले, उन्हाळ्यापासूनचं सगळं साठलेलं रडले. मुक्ता धुक्यातून आली, मागचं दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि वैतागली. “व्हाय आर यू क्रायिंग? इट वॉज माय पेपर.”

पुढचं सगळं कसं भराभर झालं. शेवटचा पेपर झाला, निकाल लागला, चांगला लागला. मिलिंदला मेमध्ये एका छोट्या कंपनीत काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगाराचं. त्याने परत विनोद करायला सुरुवात केली. मुक्ताला पुण्यात हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आम्ही पेढे वाटले. कुणीही विचारलं की मी अभिमानाने सांगायची, पुण्याला चाललीय. आमच्या इमारतीतली बारावी झालेली सगळीच मुलं कुठे ना कुठे निघाली होती. ती तशी निघतात हे मी इतकी वर्षं बघत आले होते. बारावी म्हणजे इथून बाहेर पडायचं दार, हे मला ठाऊक होतं, आणि तरी तो सगळा हिवाळा मी ते दार बंद होऊ नये म्हणून जिवाचं रान करत होते. मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मुलीला इथे ठेवायला धडपडतेय.

जुलैच्या रखरखीत दुपारी मी आणि मुक्ता अल कुसैसमधल्या एका टायपिंग सेंटरला, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात गेलो. ती आता इथे राहणार नव्हती, तेव्हा तिच्या व्हिसाचं काय करायचं ते बघायचं होतं. काउंटरवरचा माणूस हैदराबादी होता, बोलायला मऊ. त्याने आमचे पासपोर्ट उलटसुलट केले आणि म्हणाला, “रहने दो ना मैडम. बच्ची छह महीने में एक चक्कर मार ले, वीजा चलता रहेगा.”

मला ते इतकं पटलं की मी लगेच हो म्हणणार होते. मी मुक्ताकडे बघितलं. ती फोनवर हॉस्टेलच्या खोलीचे फोटो बघत होती. तिने सहजपणे, अजिबात वाईट न वाटून घेता म्हटलं, “जस्ट कॅन्सल इट, आई. आय वोंट नीड इट.”

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने टाइप करायला घेतलं, प्रिंट काढलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. तो म्हणाला, बच्चीची सही चालणार नाही. जिच्या व्हिसावर ती आहे तिनेच रद्द करायचा असतो. म्हणजे मी. कुणीतरी कधीतरी करील म्हणून ज्या गोष्टीची मी महिनोन्महिने धास्ती घेतली होती, तिच्यासाठी त्याने मला स्वतःचं पेन दिलं. मी सही केली.

त्याने शिक्का मारला आणि कागद घडी करता करता आपुलकीने विचारलं, “आप लोग भी जा रहे हैं, मैडम?”

“नहीं,” मी म्हटलं, “हम यहीं हैं.”